डावा पवित्रा

आप्पांनी तालमीचं दार आतून लावून घेतलं, तेव्हा मी बाहेर पायरीवर बसून माझ्या पट्ट्याला तेल लावत होतो. संध्याकाळचे साडेपाच वाजले असतील. बाकीची पोरं अंगावरची माती झाडून घरी गेली होती. आत दोघंच उरले होते, आप्पा आणि दस्तगीर शिकलगार. कडी पडली, आणि थोड्या वेळानं पाती हवेत फिरल्याचा फर्र फर्र आवाज यायला लागला. मी तेवीस वर्षांचा होतो. सहाव्या वर्षापासून मर्दानी खेळ शिकत होतो, शिकवणारे वस्ताद माझे सख्खे वडील होते, आणि त्या दाराच्या आत मला जागा नव्हती.

ही एकाहत्तर सालची गोष्ट. पेठ वडगावात आमची इंगवल्यांची तालीम होती. लाठी, फरी-गदगा आणि पट्टा तिथं शिकवला जाई. पट्टा म्हणजे अडीच हात लांब लवचिक पातं. त्याच्या मुठीवर लोखंडी खोळ असते. खोळीत कोपरापर्यंत हात घातला की मनगट वळत नाही, सगळं खांद्यातून आणि कमरेतून फिरवावं लागतं. जमिनीवर ठेवलेलं लिंबू मी पळत येऊन, उडी घेऊन, खालच्या मातीला पातं न लावता कापत असे. पंचक्रोशीत ते दुसऱ्या कुणाला जमत नव्हतं.

पण तालमीचा मान लिंबाला नव्हता. तो होता डाव्या पवित्र्याला.

आमचे मूळपुरुष येसाजी इंगवले अठराशे चव्वेचाळीसच्या गडकऱ्यांच्या, म्हणजे किल्ल्यांवरच्या शिपायांच्या, बंडात सामानगडावर होते. इंग्रजांची फौज दरवाजाला भिडली तेव्हा येसाजींचा उजवा हात कोपरापासून तुटला. तुटलेल्या हातातला पट्टा त्यांनी डाव्या हातात चढवला आणि दिवस मावळेपर्यंत दरवाजा लढवला. पुढं त्यांनी डाव्या हाताचे स्वतंत्र पवित्रे बसवले. ते पिढीत एकालाच शिकवायचे, तोही डावरा पाहिजे, आणि तोच पुढचा वस्ताद. ही गोष्ट दर खंडेनवमीला शस्त्रपूजेनंतर आप्पा सांगत, आणि ऐकताना म्हाताऱ्या माणसांच्याही अंगावर काटा येई.

माझे थोरले चुलते हणमंतराव हे आधीच्या पिढीचे डावे. ते ऐन बावीस-तेविशीत पटकीनं गेले. त्यानंतर बेचाळीस वर्षं तालमीत डावरा पोरगा आला नव्हता. मी उजवा होतो, पण डावरा कुणी येणारच नसेल तर गादी घरच्या मुलाकडे येणार, असं मी धरून चाललो होतो. गावानंही तसंच धरलं होतं.

दस्तगीर आला तो हत्यारं परत द्यायला. त्याचा बाप आणि आजा आमच्या तालमीच्या हत्यारांना धार आणि पॉलिश करत आलेले. बाप आजारी पडला म्हणून त्या वर्षी तोच सगळं गाठोडं घेऊन आला. माझ्याहून वर्षभरानं लहान, अंगानं सडसडीत. एका पट्ट्याची खोळ सैल झाली होती, ती दुरुस्त केल्यावर बसते का बघायला त्यानं तो हातात चढवला आणि हवेत एकदा फिरवला. डाव्या हातानं. आप्पा ओट्यावर पान जुळवत बसले होते. त्यांच्या हातातलं पान तसंच राहिलं. ते उठले, दस्तगीरपाशी गेले आणि पुन्हा फिरव म्हणाले. त्यानं फिरवला. आप्पांनी त्याचा दंड धरून खांदा थोडा खाली दाबला, आणि मग बराच वेळ हात काढलाच नाही.

दुसऱ्या दिवसापासून तो यायला लागला.

मला आधी वाटलं, हा टिकणार नाही. दिवसभर सहाणेवर बसणारा माणूस, दम किती असणार? पण तो टिकला. आप्पा माझी चूक लांबून एका शब्दात सांगत, कंबर किंवा नजर. दस्तगीरचा मात्र पाय ते खाली बसून हातानं सरळ करत. मला सगळे जयसिंगा म्हणत, त्याला आप्पा दस्तू म्हणायला लागले. एक दिवस जेवताना आई म्हणाली, हल्ली यांना दीड भाकरी जास्त लागते, बरं वाटतंय जिवाला. मी ताटावरून उठलो. बापाला भूक लागते याचा कुणाला राग यावा? मला आला.

गावातही बोलणं सुरू झालं होतं. वस्तादांना घरचा पोरगा दिसत नाही का, असं कुणी म्हणे. एकानं पारावर माझ्यासमोर म्हटलं, "आन् द्यायचं तर शिकलगाराला?" त्यातली खोच मला कळली. दस्तगीरच्या आज्यानं धार लावली नसती तर आमच्या पाच पिढ्यांची हत्यारं गंजून गेली असती, एवढं तरी मी म्हणू शकलो असतो.  पारावरचा माणूस बोलला ते मी चालू दिलं.

मग एकदा फरी-गदग्याच्या जोडीत आप्पांनी मला त्याच्यासमोर उभं केलं. फरी म्हणजे चामड्याची ढाल, गदगा म्हणजे कातडं चढवलेली काठी. खेळात मनगटावर मारायचं नसतं. मी तिसऱ्याच फेरीला त्याच्या डाव्या मनगटावर गदगा आणला, जोरात, हाडावर. तो ओठ दाबून उभा राहिला. चुकून लागलं, असं मी म्हणालो. तो म्हणाला, व्हतंय खेळात. दुसऱ्या दिवशी हळद बांधून तो वेळेवर हजर होता.

आप्पांनी मला काही विचारलं नाही. एवढंच म्हणाले, "जयसिंगा, उद्यापास्नं तू बारक्या पोरांना लाठी शिकीव." त्यानंतर त्यांनी मला दस्तगीरसमोर कधी उभं केलं नाही.

मी तेव्हा कोल्हापुरात इतिहासात एम. ए. करत होतो. मोडी मला चांगली वाचता येई. आजवर येसाजींचे कागद शोधावेत असं कधी मनात आलं नव्हतं. आता आलं. मी स्वतःला सांगितलं की तालमीचा खरा इतिहास कुणीतरी लिहायलाच हवा. पुराभिलेखागारात जाऊन सामानगडाच्या शिबंदीचे कापडात बांधलेले कागदांचे रुमाल मागवले आणि महिना-दीड महिना ते चाळत बसलो. धुळीनं शिंका यायच्या, डोळे चुरचुरायचे. आयुष्यात इतक्या चिकाटीनं मी दुसरं काही वाचलेलं नाही.

पहिला कागद बंडाच्याच महिन्यातला होता. शिबंदीतल्या हजर-गैरहजर लोकांची यादी. त्यात येसाजी इंगवले, आणि नावापुढं शेरा, लेकीचे लग्नास रजेवर. दुसरा कागद सात वर्षांनंतरचा, नव्यानं चाकरीत घेतलेल्यांचा हुलिया. हुलिया म्हणजे माणूस ओळखता यावा म्हणून लिहिलेलं वर्णन. 'येसाजी इंगवले, उमर वर्षे सुमारे चाळीस, वर्ण सावळा, डोळे घारे, उजवे मनगटीं भाजल्याची खूण.'

उजव्या मनगटावर. म्हणजे मनगट जागेवर होतं.

मी एकटाच हसलो. समोरच्या टेबलावरच्या माणसानं वर पाहिलं. लढाईच्या दिवशी आमचे येसाजी लेकीच्या लग्नात पंगती वाढत होते, आणि दोन्ही हातांनी वाढत होते. मी दोन्ही कागदांची बाळबोधीत नक्कल केली, तिथल्या कारकुनाकडून त्यावर सहीशिक्का घेतला आणि कुणालाही काही न बोलता खंडेनवमीची वाट बघत बसलो. आप्पांना घरी दाखवता आले असते. तेवढी संधी मला दोनशे वेळा तरी मिळाली.

त्या वर्षी खंडेनवमीला आप्पा सगळ्या गावासमोर डावा पट्टा, येसाजींचा म्हणून पिढ्यान्‌पिढ्या पुजला जाणारा, दस्तगीरच्या हातात देणार होते. तालमीत पाय ठेवायला जागा नव्हती. मारुतीसमोर पाटावर हत्यारं मांडलेली, झेंडूच्या माळा, हलगीवाले बाजूला. पूजा झाली. मी आधीच आप्पांना विचारून ठेवलं होतं की यंदा तालमीचा इतिहास मी सांगू का. ते खूश झाले होते. शिकलेला मुलगा आहे, तोच सांगेल, असं त्यांनी स्वतः सगळ्यांना सांगितलं आणि ते पुढं मांडी घालून बसले.

मी खिशातून कागद काढले. आधी हजेरीची यादी वाचली, मग हुलिया. आवाज अगदी स्वच्छ लागला होता. वाचून झाल्यावर त्याचा अर्थही समजावून सांगितला, म्हणजे कुणाला शंका राहायला नको. मागं कुणीतरी हसलं. मग आणखी एक-दोघं हसले. दस्तगीर आप्पांच्या मागं बसला होता, त्यानं मान खाली घातली.

"परत एकदा वाच," आप्पा म्हणाले.

मी परत वाचलं. आप्पांनी कागद मागून घेतला, अक्षर लागत नसतानाही बराच वेळ पाहिला आणि घडी करून मला परत दिला.

"खरं हाय," ते म्हणाले.

तालमीच्या पंचांत बापूसाहेब माने सगळ्यात वडील. ते खाकरून म्हणाले की गोष्टच खोटी निघाली तर मग डावा-उजवा कशाला धरायचा, घरचा पोरगा तयार आहे, त्याच्या हातात द्या आणि मोकळे व्हा. लोकांनी माना हलवल्या. मला जे हवं होतं ते बापूसाहेबांच्या तोंडून बाहेर पडलं होतं, आणि मला काही बोलावंही लागलं नव्हतं. आप्पा उठले. पाटावरचा डावा पट्टा त्यांनी उचलला आणि पुन्हा खाली ठेवला. आज राहू द्या, म्हणाले, आणि वहाणा घालून बाहेर पडले.

लोक पांगायला वेळ लागला. काहींनी पाठ थोपटली. सगळे गेल्यावर बघतो तर दस्तगीर एकटाच लाल मातीच्या हौदाच्या कडेला बसून हत्यारांवरचं कुंकू फडक्यानं पुसत होता. कुंकू ओलं असतं, तसंच राहिलं तर लोखंडाला डाग पडतो. हे काम त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

माझ्या अंगात अजून जिंकल्याची गरमी होती. मी त्याच्यापाशी गेलो आणि म्हटलं, वाईट वाटून घेऊ नकोस, खरं कधीतरी बाहेर येणारच होतं.

तो पुसत राहिला. मग म्हणाला, "मला पयल्या दिवशीच कळलं हुतं, दादा."

"काय कळलं होतं?"

त्यानं डावा पट्टा मांडीवर घेतला आणि पात्यावर नख वाजवलं. "ह्ये जुनं लोखंड न्हवं. बग्गीच्या स्प्रिंगचा पाटा हाय. सामानगडच्या वक्ताला ह्ये असलं पोलाद आपल्याकडं कुठलं? आन् ह्यो ठोका माझ्या आज्याचा हाय. त्यो टोकाला अशी घळ सोडायचा, दुसरं कुणी सोडत न्हाई."

 दीड महिना मी रुमाल चाळले होते, आणि यानं ते एका नखानं ओळखलं होतं.

"मग बोलला का नाहीस?"

"वस्तादांची गोष्ट हाय ती. मी कशाला बोलू?" त्यानं खोळ उलटी केली आणि मला आत बोट घालायला लावलं. "हितं बघा. सांधा लागतोय का? हितं एक, आन् ह्यो वर दुसरा. ही खोळ दोन डाव वाढवलीया. पयल्यांदा केली तवा ती इतकी हुती." त्यानं बोटांनी माप दाखवलं. आठ-दहा वर्षांच्या मुलाचा हात मावेल एवढं.

कुणासाठी केली होती, मी विचारलं. त्याला ठाऊक नव्हतं. आज्याला विचारायचं राहून गेलं, म्हणाला. मग त्यानं सगळी हत्यारं पाटावर होती तशी लावली, मारुतीला हात जोडले आणि निघून गेला.

मी घरी गेलो. आप्पा परसात विहिरीच्या कट्ट्यावर बसले होते. दुपारचं ऊन उतरायला लागलं होतं. मला वाटलं, ते ओरडतील. मी समोर उभा राहिलो आणि विचारलं, ती खोळ कुणाच्या हाताची होती?

 ते बोलायला लागले, माझ्याकडे न बघता, सावकाश.

हणमंतराव चार वर्षांचे असताना तापानं फणफणले आणि त्यांचा उजवा हात गेला. दिसायला होता, पण वाळलेल्या दोडक्यासारखा खांद्याला लोंबायचा. आजोबा तालमीचे वस्ताद. थोरला मुलगा हौदात उतरला की पोरं त्याला थोटा म्हणून हसत. आजोबांनी कुणाला मारलं नाही, रागावलेही नाहीत. एका खंडेनवमीला त्यांनी सगळ्या तालमीला बसवून येसाजींची गोष्ट सांगितली. ती त्याआधी कुणी ऐकलेली नव्हती, आप्पांनीही नाही. तेव्हा आप्पा सहा-सात वर्षांचे होते.

"दुसऱ्या दिवशी समदी पोरं डावीनं लाठी फिरवायला लागली," आप्पा म्हणाले. "कुणाला जमंना. जमायचं ते एकट्या हणमाला."

मग आजोबांनी शिकलगाराकडून लहान पट्टा करून घेतला. पवित्रे आधीचे कुणाचेच नव्हते. आजोबा आणि हणमंतराव यांनी ते रोज एक-एक करून बसवले. वाळलेल्या हाताचा तोल सांभाळून पाय कुठं टाकायचा, अंग किती झुकवायचं, सगळं त्यांच्या अंगाप्रमाणं. समोर खेळायला आप्पा उभे राहायचे. तेरा-चौदा वर्षं ते समोर उभे राहिले. हणमंतराव गेल्यावर आजोबांनी सांगितलं, कुणी डावरा आला तर त्याला दे, नाहीतर जाऊ दे.

"मला त्यो पवित्रा येत न्हाई, जयसिंगा. मला फकस्त त्याच्या समोरचं येतंय. दस्तूला मी काय शिकवतुया? मी समोर उभा ऱ्हातो, मग त्याचा हात कुठनं याया पायजे ते मला आठवतं."

मला सांगितलं का नाही, असं मी विचारलं. माझा आवाज लहान मुलासारखा झाला होता.

"सांगितलं असतं तर तू उजव्याचा डावा करून शिकला असतास. तेवढी जिद्द हाय तुझ्यात." त्यांनी कट्ट्यावरचा पाला हातानं झाडला. "आन् मला समोर हणमा न्हाई, तू दिसला असतास."

मी कागद त्यांच्यापुढं धरले. म्हटलं, फाडून टाकतो. ते म्हणाले, फाडू नको, जपून ठेव, येसाजींना आपल्या घरात कधी कुणी खरं बघितलंच नव्हतं, लेकीच्या लग्नाला गेले हे बरं केलं त्यांनी. मग ते उठले. आत जाताना दारात थांबले.

"कागद तू खरा वाचलास. कशापायी वाचलास, ते तुझं तुला ठावं."

यावर ते पुन्हा कधी बोलले नाहीत. दस्तगीर तालमीत यायचा बंद झाला. आप्पांनी दोनदा निरोप पाठवला. माझ्यामुळं वस्तादांच्या घरात फूट नको, असं त्यानं उलट कळवलं. दिवाळीनंतर तो इचलकरंजीला गेला आणि मागाच्या कात्र्या-सुऱ्यांना धार लावायचं दुकान टाकलं. एकदा आप्पा एस. टी. नं जाऊन आले. चहा घेतला, इकडचं तिकडचं बोललो, एवढंच आईला सांगितलं. पट्टा त्यांनी परत हातात धरला नाही. पंचांनी मला वस्ताद केलं आणि मी नाही म्हटलं नाही. पुढच्या वैशाखात छातीत दुखायचं निमित्त होऊन आप्पा गेले.

दस्तगीर मातीला आला होता. लांब उभा राहिला आणि तसाच परत गेला.

आषाढात मी डावा पट्टा कापडात गुंडाळून इचलकरंजीला गेलो. दुकानात सहाण फिरत होती, ठिणग्या उडत होत्या. त्यानं मला बघितलं, चाक थांबवलं आणि बसायला खोकं पुढं केलं. मी म्हटलं, मला डावा पवित्रा शिकव.

"मला एकट्याला येत न्हाई," तो म्हणाला. "म्होरं वस्ताद असायचे, तवाच हात चालायचा."

मग मी समोर उभा राहतो, असं मी म्हणालो. त्यानं माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मनगटावर मारलेलं त्याला आठवत असणार. पण उठला, आणि आम्ही मागच्या मोकळ्या जागेत गेलो.

मी दर रविवारी जायला लागलो. तो आपले हात करायचा आणि थांबून मला सांगायचा, वस्ताद हितं असं मागं सरायचे, हितं त्यांचा डावा पाय यायचा, हितं ते जरा हसायचे. मी तसा सरायचो, तसा पाय टाकायचो. हसणं काही मला जमलं नाही. सहाव्या-सातव्या रविवारी आम्ही सलग खेळायला लागलो, न थांबता, आणि त्याचं पातं कुठून येणार हे मला आधी कळायला लागलं. अंगाला घाम सुटला होता. त्यानं एक वळसा घेतला, पट्टा डोक्यावरून मागं नेला, पुढचं पाऊल उचललं, आणि तसाच थांबला.

मला वाटलं, पाय मुरगळला. मी काय झालं म्हणून विचारलं.

"हितपतोर झालं हुतं," तो म्हणाला. "खंडेनवमीच्या आदल्या दिवशी. ह्याच्या म्होरं बी पुष्कळ हाय, म्हणाले हुते."

"पुढचा हात कसा आहे?"

"काय ठावं. उद्या पूजा झाल्यावर दावतो, म्हणाले."

त्यानं हात खाली घेतला. पुढचं माहीत असलेलं माणूस आता जगात कुणी नव्हतं. ते कुणामुळं, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं आणि तो ते बोलणार नव्हता. पण खरं सांगायचं तर त्या घटकेला माझ्या मनात पहिल्यांदा तेही आलं नाही. पहिल्यांदा आलं ते हे, की आप्पा त्याला 'उद्या' म्हणाले होते. मला ते असं कधीच काही म्हणाले नव्हते.

दस्तगीर सदऱ्यानं तोंड पुसत माझ्याकडे बघत होता.

"परत पहिल्यापासनं करू," मी म्हटलं, आणि आप्पांच्या जागेवर जाऊन उभा राहिलो.